दोन कॅटलॉग, एक तिकीट

इंदापूर तालुक्यातील एक कुटुंब चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुने पाकीट घेऊन आले. त्यांचे गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. घर गेले, मळा गेला, विहीर गेली. पत्र्याच्या पेटीतले कागद तेवढे वेळेवर बाहेर काढता आले. त्या कागदांत मुंबईहून आलेले हे पत्र होते. अक्षर मोडी. वर तिथी आहे, पण शकाचा आकडा नाही. सहीची जागा कसरीने खाल्लेली. टपालाच्या शिक्क्यात मुंबईचे नाव लागते, वर्ष मात्र पुसलेले. मजकूर स्वच्छ आहे : विहिरीच्या कामाला पैसे पाठवत आहे, पाणी लागेपर्यंत काम थांबवू नका.

प्रश्न होता पत्र कोणाचे. घरातले दोघे भाऊ तेव्हा मुंबईला गिरणीत होते. थोरले १९२५ साली तिथेच वारले. तसा दाखला कुटुंबाकडे आहे. धाकटे पुढेही बरीच वर्षे तिथे राहिले. आज दोघांचाही वंश मोठा आहे, आणि दोन्ही घरांत एकच वाक्य ऐकू येते : "विहीर आमच्या आजोबांनी पाडली." कुटुंबाच्या मेळाव्यासाठी पुस्तिका छापायची होती. विहिरीवर आता वीस-पंचवीस हात पाणी आहे. साक्षीला उरले होते ते पाकिटावरचे तिकीट.

माझे बारामतीत मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण आयटीआयपर्यंतचे. तिकिटांचा अभ्यास पंचवीस-तीस वर्षे केला, तो रद्दीतली पाकिटे आणि उसने आणलेले कॅटलॉग यांच्या जोरावर. त्या दिवशी मी हाताशी असलेली लहान सूची उघडली. पाकिटावर पंचम जॉर्ज बादशहाचे एक आण्याचे, चॉकलेटी रंगाचे तिकीट होते. सूचीत एकच ओळ : एक आणा, चॉकलेटी, १९२२. मी सांगून टाकले, "पत्र १९२२ नंतरच्या दोन-तीन वर्षांतले, म्हणजे थोरल्यांचे असण्याचा संभव जास्त." थोरल्या घरातल्या आजींचे डोळे भरून आले. पुस्तिकेचा मजकूर तसाच जुळवला गेला.

दोन महिन्यांनी पुण्यात एका जुन्या संग्राहकांकडे स्टॅन्ली गिबन्सचा जाडजूड कॅटलॉग चाळताना मी थांबलो. त्यात तेच चॉकलेटी तिकीट दोनदा होते. एकदा १९२२ खाली, एकदा १९२६ खाली. चित्र एक, किंमत एक, रंग एक. मग दोन नोंदी कशाला?

मतभेद की निराळा प्रश्न?

नवशिका संग्राहक इथे गोंधळतो आणि म्हणतो, दोहोंपैकी एक पुस्तक चुकले. बहुतेक वेळा पुस्तके चुकलेली नसतात. ती निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. कॅटलॉगांत फरक का पडतो, याची मला आजवर आढळलेली कारणे अशी.

पहिले कारण क्रमांकांचे. स्टॅन्ली गिबन्स या इंग्रजी दुकानदाराने १८६५ साली आपली पहिली किंमतसूची काढली, अमेरिकेतल्या स्कॉटची सूची १८६८ ची, जर्मन मिशेलची १९१० ची. प्रत्येकाने आपापले क्रमांक दिले. क्रमांक जुळत नाहीत म्हणून तिकीट निराळे ठरत नाही. मांडणीही वेगळी असते. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १९७१ साली पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. १५ नोव्हेंबरला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रेफ्युजी रिलीफ' अशी अक्षरे छापून ते निघाले आणि १ डिसेंबरला निर्वासितांचे चित्र असलेले स्वतंत्र तिकीट आले. गिबन्समध्ये ही तिकिटे कालक्रमात सापडतात. स्कॉट मात्र कराची तिकिटे वेगळी काढून देशाच्या नोंदीत मागे, निराळी अक्षरे जोडून ठेवतो. पुढची पाने पाहून "स्कॉटमध्ये हे तिकीटच नाही" असे म्हणणारे मला भेटले आहेत.

दुसरे कारण खोलीचे. लहान सूची चित्र आणि किंमत पाहते. मोठा कॅटलॉग कागद, जलचिन्ह, छपाई, कडेची छिद्रे सगळे पाहतो. त्याच रेफ्युजी रिलीफ तिकिटांवर घाईत काही शहरांनी स्थानिक पातळीवर अक्षरे छापून घेतली होती. गोव्याचीही अशी छाप आहे. लहान सूचीत हा सगळा पसारा एका ओळीत मावतो. संस्थानांचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यातल्या भोर संस्थानाने १८७९ साली हाताने ठसे उमटवून स्वतःची तिकिटे काढली, १९०१ साली पंतसचिव शंकरराव यांची छबी असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. फक्त ब्रिटिश हिंदुस्थान आणि स्वतंत्र भारत देणाऱ्या सूचीत ती दिसणार नाहीत. सूचीत नसणे आणि अस्तित्वातच नसणे यांत फरक आहे.

तिसरे कारण तारखांचे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिन्ही तिकिटांवर 'जय हिंद' आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख छापलेली आहे. म्हणून कित्येक लेखांत ती १५ ऑगस्टला निघाली असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात साडेतीन आण्यांचे तिरंग्याचे तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले, तर अशोकस्तंभाचे दीड आण्याचे आणि विमानाचे बारा आण्यांचे १५ डिसेंबरला. तिकिटावरची तारीख प्रसंगाची असते, विक्रीची नव्हे. पुस्तकात तारीख आली की आधी विचारावे : ही कशाची तारीख?

चौथे कारण मोजमापाचे. तिकिटाच्या कडेची छिद्रे दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात, त्यावरून पर्फोरेशनचा आकडा ठरतो. दोन आकडे असतील तर पहिला आडव्या कडेचा, दुसरा उभ्या. एक कॅटलॉग अर्ध्यापर्यंत आकडा देतो, दुसरा पाव भागापर्यंत जातो. एकात साडेतेरा आणि दुसऱ्यात पावणेचौदा दिसले की लगेच दोन प्रकार समजू नयेत. रंगाचे तर विचारूच नका. एकाचा चॉकलेटी तो दुसऱ्याचा तपकिरी, आणि उन्हात राहिलेले तिकीट तिसराच रंग दाखवते.

पाचवे कारण किमतीचे, आणि भांडणे इथेच जास्त होतात. गिबन्सची किंमत म्हणजे तो दुकानदार चांगल्या स्थितीतले तिकीट ज्या भावाने विकेल तो भाव. सर्वांत खालच्या किमतीत तर तिकिटापेक्षा ते शोधून, पाकिटात घालून देण्याचा खर्च जास्त असतो. वडिलांचा अल्बम घेऊन येणारी मुले या किमतींची बेरीज करून येतात आणि बाजारात निम्माही भाव मिळाला नाही की फसवणूक झाली असे समजतात. घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांतला फरक बारामतीच्या बाजार समितीत माल घातलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. तोच इथे लावावा.

आता खऱ्या चुकांविषयी. त्याही असतात, पण कधी कधी चूक तिकिटाची असते आणि कॅटलॉग ती नोंदवतो. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचे चित्र आरशात पाहावे तसे उलटे छापले गेले. १९५० साली सरळ चित्राचे तिकीट आले. मोठ्या कॅटलॉगात दोन्हींना स्वतंत्र क्रमांक आहेत. एक शाळकरी मुलगा उलट्या चित्राचे तिकीट घेऊन धावत आला होता. त्याच्या पुस्तकात फक्त सरळ चित्र होते. त्याला वाटले, लाखाचा ऐवज सापडला. वापरलेली दोन्ही तिकिटे सहज मिळतात, हे सांगताना मला वाईट वाटले.

चांदण्यांचा निवाडा

पुन्हा इंदापूरच्या पाकिटाकडे येऊ. एक आण्याच्या दोन नोंदींत फरक जलचिन्हाचा होता. ही तिकिटे आधी लंडनला डे ला रू कंपनीत छापली जात. त्या कागदात प्रत्येक तिकिटाला एक मोठी चांदणी असे. नंतर छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये आली आणि १९२६ पासून लहान लहान अनेक चांदण्यांचा कागद वापरला जाऊ लागला. चेहरा तोच, पाठ निराळी. माझ्या लहान सूचीने दोन्ही एकत्र करून पहिले वर्ष तेवढे दिले होते. सूची खोटी नव्हती. मी तिला विचारू नये ते विचारले होते.

पाकिटावर चिकटलेल्या तिकिटाचे जलचिन्ह दिसत नाही, आणि पाण्यात भिजवून तिकीट सोडवणे म्हणजे शिक्का आणि पाकीट यांचा संबंध तोडणे. तो पुरावा मी कधीही नष्ट करणार नाही. सुदैवाने या तिकिटाचा एक कोपरा जुन्या डिंकासह सुटून आलेला होता. मी पाकीट पुन्हा मागवले. कोपरा न दुमडता, मागे बॅटरीचा उजेड धरून, वाइंडिंगची बारीक तार पाहण्याच्या भिंगातून पाहिले. लहान चांदणी. तिच्या तिरक्या बाजूला दुसरीचे दोन कोन. मोठी चांदणी सरकून कडेला आलेली असू शकते, म्हणून माझ्या संग्रहातली दोन्ही छपायांची सुटी तिकिटे शेजारी ठेवून आकार ताडून पाहिला. शंका उरली नाही. नाशिकची छपाई.

यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, ते नीट वेगळे करायला हवे. पत्र १९२६ च्या आधीचे नाही, एवढे सिद्ध होते. ते नेमके कोणत्या वर्षीचे, हे तिकीट सांगत नाही, कारण लोकांकडे तिकिटे शिल्लक राहतात आणि पुढेही वापरली जातात. १९२५ साली वारलेल्या थोरल्यांनी ते लिहिलेले नाही, हे पक्के. धाकट्यांनी लिहिले, हे तिकिटावरून नव्हे, तर तेव्हा मुंबईत घरातले दुसरे कोणी नव्हते या घरच्या माहितीवरून म्हणायचे.

हे सांगायला मी स्वतः गेलो. फोनवर सांगण्यासारखे नव्हते. आजींनी सगळे ऐकून घेतले. "मग तुम्ही तेव्हा सांगितलेलं?" त्यांनी विचारले. "ते माझं चुकलं, आजी. अपुऱ्या पुस्तकावर बोललो." बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नातवाने पाकीट माझ्या हातातून घेतले आणि आत नेऊन ठेवले. मी आणखी कागद पाहायला मागितले, ते मिळाले नाहीत, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पुस्तिका पुढे छापली गेली. विहिरीच्या पानावर तळाला माझ्या आग्रहाने दोन ओळी आहेत : आधी काय निष्कर्ष काढला होता, आणि तो कशावरून बदलला. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. वहीत डाव्या बाजूला पुस्तक काय म्हणते ते, कोणत्या वर्षीच्या आवृत्तीत म्हणते त्यासह लिहितो. उजव्या बाजूला तिकीट हातात घेऊन मला काय दिसले ते. दोन बाजू जुळल्या नाहीत तर आधी पाहतो की दोन पुस्तके एकाच वस्तूविषयी बोलत आहेत का. नसतील तर भांडण मिटले. असतील तर जे पुस्तक आपला पुरावा सांगते त्याला वजन देतो, आणि तरीही न सुटल्यास 'इतक्या वर्षानंतर' किंवा 'इतक्या वर्षाआधी' एवढेच लिहून थांबतो. नेमके वर्ष सांगण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः समोर कोणी डोळ्यांत प्राण आणून बसले असेल तेव्हा.

गेल्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप खाली गेले. पळसदेवचे जुने देऊळ पाहायला माणसे लोटली होती. त्या गर्दीत थोरल्या घरातला तो नातू भेटला. त्याने विचारले, पेटीत अजून तीन पाकिटे आहेत, पाहाल का? मी म्हटले, पाहीन, पण या वेळी उत्तर लगेच मागू नका.