चुंबक चिकटला, म्हणजे स्टील खोटं?

पोळीभाजी केंद्र काढायचं किंवा जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हटलं, की गटाची पहिली मोठी खरेदी भांड्यांची. पैसा कर्जाचा, हप्ता सगळ्यांच्या डोक्यावर. म्हणून बाजाराला निघताना कुणीतरी हमखास पर्समध्ये चुंबक टाकते. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर अस्सल स्टील! ही परीक्षा अर्धीच खरी आहे. का, ते कळायला जरा धातूच्या पोटात शिरावं लागेल.

धातू अणूंचा बनलेला असतो आणि अणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. बहुतेक धातूंत हे इलेक्ट्रॉन एकमेकांचा जोर खोडून काढतात. लोखंडात काही बिनजोडीचे राहतात, त्यांचा जोर शिल्लक उरतो. पण तेवढ्यानं भागत नाही. मँगनीजच्या अणूतही बिनजोडीचे इलेक्ट्रॉन भरपूर, तरी त्याला चुंबक चिकटत नाही. शेजारशेजारच्या अणूंनी एकाच दिशेला तोंड केलं पाहिजे. बैठकीत वीस जणी वीस बाजूंना बोलल्या तर नुसता गलका होतो, तसंच हे. घरातल्या साध्या तापमानाला असं एका दिशेला वळणं जमतं ते मुख्यतः लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांना. तेही फार तापवलं तर मोडतं. लोखंडाचं साधारण ७७० अंश सेल्सिअसला.

आता गंमत बघा. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये लोखंडासोबत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोखंडाला चुंबक चिकटतो, निकेललाही चिकटतो, पण दोन्ही असलेल्या या भांड्याला चिकटत नाही! कारण निकेलमुळे अणूंची मांडणीच बदलते आणि त्या मांडणीत लोखंडाचे अणू एका दिशेला वळत नाहीत. पीठ तेच, पण भाकरी वेगळी आणि उकड वेगळी. कधी कधी चांगल्या ३०४ च्या डब्याच्या काठाला चुंबक किंचित ओढला जातो. पत्रा दाबून वळवताना तिथली मांडणी थोडी बदललेली असते. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

उलट ४३० नंबरच्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं. त्याला चुंबक घट्ट चिकटतो, तरी ते स्टेनलेस स्टीलच. मीठ-आंबटाला मात्र ३०४ इतकं टिकत नाही. खरी फसगत होते ती २०२ नंबरात. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं, गंजाला ३०४ पेक्षा लवकर बळी पडतं, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. म्हणजे २०२ चं पातेलं ३०४ च्या भावानं गळ्यात मारलं, तर पर्समधला चुंबक काहीच सांगणार नाही. म्हणून भांड्यावर आयएसआयची खूण बघा (स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६) आणि बिलावर स्टीलचा नंबर लिहून मागा. लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडे मी तरी गटाचे पैसे देणार नाही.

इंडक्शन शेगडी घेणार असाल तर चुंबक जरूर न्या. तिथं तो बुडाला चिकटायलाच हवा. नुसत्या ॲल्युमिनियमचं किंवा तांब्याचं बूड त्या शेगडीवर चालत नाही, म्हणून इंडक्शनच्या कुकरला खालून चुंबक धरणाऱ्या स्टीलचा थर दिलेला असतो.

मसाल्याच्या गटांना तर चुंबक रोज लागतो. यंत्राचे लोखंडी भाग झिजून त्यांचा कीस तिखट-हळदीत उतरतो. जोरदार चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मसाल्यातून सावकाश फिरवा. मग मसाल्यापासून लांब नेऊन पिशवी उलटी करत चुंबक बाहेर काढा, कीस आत राहतो. पण यंत्राची जाळी किंवा पाती ३०४ ची असतील, तर त्यांचा तुटलेला तुकडा चुंबकाला सहसा सापडत नाही. त्यासाठी दळण संपलं की जाळी उजेडात धरून बघायची आणि मसाला चाळून घ्यायचा.