गाणं माझं, शेत खोताचं!

गेल्या सीझनला रेवदंड्याजवळ एका मित्राच्या हळदीला गेलो होतो. रात्रीचे अकरा, अख्खं गाव मांडवात, डीजे फुल्ल टू. आणि अचानक लागलं माझं गाणं! हो, माझंच. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. शेजारी नाचणारा कॉलेजवाला पोरगा घामाघूम होऊन मला म्हणाला, "दादूस, यो गाना आयकलास का? जाम फेमस हाय!" मी विचारलं, "कुनाचा हाय रं?" तो म्हणाला, "काय म्हाईत! डीजेचा असंल."

बॉस, हसावं की रडावं तेच कळेना!

सोमवार ते शुक्रवार मी तुमच्यासारखाच. बेलापूरच्या ऑफिसात एक्सेलशीट भरतो. शुक्रवारी रात्री अलिबागची एसटी पकडली की मी आगरी-कोळी गाणी करणारा 'इंडिपेंडंट आर्टिस्ट'! म्हणजे काय, तर कंपनी नाही, मॅनेजर नाही. एक लॅपटॉप, एक बरा माईक, बेंजो वाजवणारा चुलतभाऊ आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवलेला पंखा. बस्स!

पत्रे आले, माणसं नाही

खरा धडा मिळाला जून २०२० मध्ये. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. घराचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस गायब. वाटलं, याहून वाईट काय होणार? २९ जूनला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं आणि माझे सगळे फॉलोअर्स तिथेच होते! हजारो माणसं, पण एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नाही. चूक माझीच. पत्रे महिन्याभरात पुन्हा चढले; ती माणसं काही परत सापडली नाहीत.

तेव्हा बाबा म्हणाले, "चरीचा संप शाळेत शिकलास ना रे?" अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध संप केला होता. कसायचं आपण, जमीन मात्र खोताची, आणि पिकातला वाटाही तोच ठरवणार! सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, पण लोक मागे हटले नाहीत. आता माझी तुलना त्यांच्याशी नाही हं! त्यांनी उपास काढले, मी फक्त लाइक्स गमावले. पण मुद्दा डोक्यात फिट बसला. अ‍ॅपवर आपण कूळ असतो. राबायचं जरूर, पण आपलं म्हणून एक खाचर हवंच.

पैशाचा फंडा

आता हिशेब बघू. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळवायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). स्पॉटिफाय २०१९ साली भारतात आलं. २०२४ पासून तिथे १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. बॅण्डकॅम्पवर गाणं थेट विकता येतं. ते डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, पेमेंटचा खर्च वेगळा. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या, गावची आठवण येणाऱ्या मंडळींसाठी झकास! पण गावातल्या पोराला कोण सांगणार, "अरे, अकाउंट काढ"? त्याला व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय पुरतं.

आणि हळदीतला डीजे? तिथली गंमत ऐका. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. म्हणजे माझं गाणं जिथे सगळ्यात जास्त वाजतं, तिथून मला एक रुपया येत नाही! चिडून उपयोग नाही. आईबापाने कर्ज काढून केलेल्या हळदीत रॉयल्टी मागायला मलाही आवडणार नाही. पण नाचणाऱ्यांना निदान नाव तरी कळू दे की!

मी काय बदललं?

* नाव गाण्यातच. डीजेच्या पेन ड्राइव्हमध्ये क्रेडिट्स कुठली? म्हणून आता गाण्याच्या सुरुवातीलाच नावाची आणि गावाची आरोळी.
* आपली यादी. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणजे आपोआप गाळणी! शिवाय तीच यादी मी वहीतही लिहून ठेवतो.
* सहीआधी वाचणं. रेकॉर्डिंगचे हक्क कायमचे देताय की काही वर्षांपुरते? गीतकार-संगीतकाराला २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीत वाटा मागायचा हक्क दिलाय. आयपीआरएसची मेंबरशिप त्यासाठीच असते.
* आधी ओळख, मग विक्री. नवं गाणं यादीतल्या लोकांना आठवडाभर आधी. पैसे ज्याने त्याने मनाप्रमाणे द्यायचे.

हा शेवटचा फंडा माझा नाही, आजीचा. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवला गाणाऱ्या बाईला मान असतो. आजीला पंचक्रोशीतलं प्रत्येक घर माहीत, कुणाची पोर कुठे दिली तेही माहीत. नवऱ्यामुलीचं नाव घेऊन ती गायची, म्हणून तिच्याशिवाय मांडव सुना. तिला कुणी कधी 'फॉलो' केलं नाही. लोक तिला बोलवायला घरी यायचे.

जळगावकडच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं, तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, "आता तुझा नंबर!" लागला तर उत्तमच. पण नोकरी सोडलेली नाही आणि लॉटरीच्या भरवशावर सोडणारही नाही. सध्या माझ्या वहीत तीनशेच्या आसपास नावं आहेत. मागच्या गाण्यातून मिक्सिंगचा खर्च निघाला, वर बेंजोवाल्या भावाला पहिल्यांदा मानधन देता आलं.

आणि हो, हळदीतला तो पोरगा! त्या रात्री मी त्याला नाव सांगितलं, त्याने आधी विश्वास ठेवला नाही. मग माझा नंबर सेव्ह केला. आता दर दोन महिन्यांनी, ऐन मीटिंगमध्ये, त्याचा मेसेज येतो, "दादूस, नवा गाना कवा?"