सातांतून एकदा पचणारी थाप

टेक्सास होल्डेम पोकरच्या ‘तीन-सहा’ लिमिट टेबलावर बोलीचा आकडा आधीच ठरलेला असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन डॉलर, पुढच्या दोन फेऱ्यांत सहा. वाढवायची तरी तेवढ्याच टप्प्याने. सिनेमातल्यासारखा चिप्सचा अख्खा ढीग पुढे सारून समोरच्याला घाबरवायची सोय इथे नाही. मग हातात काहीच नसताना थाप मारायची कधी?

उत्तर साध्या भागाकारात आहे. शेवटचे पान उघडले आहे, पॉटमध्ये ३६ डॉलर जमले आहेत आणि खेळाडूच्या हातात बदामची सत्ती-अठ्ठी आहे. एकाच चिन्हाची पाच पाने जुळवायला हवे असलेले पाचवे बदाम काही आले नाही. त्याने सहा डॉलर लावले, तर ही थाप सातांतून एकदा पचली तरी हिशेब बरोबरीत सुटतो. स्वस्त सौदा! पण समोरच्यालाही ४२ डॉलरसाठी सहाच मोजायचे असतात. आठांतून एकदा जिंकायची आशा असली, तरी त्याचा कॉल, म्हणजे तेवढीच रक्कम टाकून डावात राहणे, वाया जात नाही.

छोट्या रकमेच्या टेबलांवर ही आशा बहुतेकांना कायमच असते. हातात दुर्रीची जोडी असली तरी ‘बघू या तरी’ म्हणत ते सहा डॉलर टाकतात. दहांतून एकदाच पाने टाकून माघार घेणाऱ्या अशा माणसापुढे वरची थाप प्रत्येक वेळी सरासरी १.८० डॉलर बुडवते.

गर्दी वाढली की चित्र आणखी बिघडते. प्रत्येक प्रतिस्पर्धी माघार घेण्याची शक्यता ४० टक्के धरा. एकटाच समोर असेल तर थापेमागे सरासरी १०.८० डॉलरचा फायदा होतो. दोघे असतील तर दोघांनीही पाने टाकण्याची शक्यता १६ टक्क्यांवर येते आणि फायदा जेमतेम ७२ सेंट उरतो. तिघे असले की तीच थाप तीन डॉलरहून अधिक तोट्यात जाते. खेळाडू तोच, पाने तीच. बदलली ती फक्त समोरच्या खुर्च्यांची संख्या.

थापेचे प्रमाण गणिताने ठरवता येते, हे गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी १९५० साली दोघांच्या, अवघ्या तीन पानांच्या पोकरमध्ये दाखवले: गुलाम, राणी, राजा. पहिल्याने बोली न लावता डाव पुढे सोडला, तर दुसऱ्याने राजावर दरवेळी बोली लावावी आणि गुलामावर तीनांतून एकदाच. मग राणी धरून बसलेल्याला कॉल केला काय, न केला काय, सारखेच! थाप याहून वाढली की तो बिनधास्त कॉल करतो. कमी झाली की राजावरच्या बोलीलाही दाद देत नाही.

२०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी दोघांचे लिमिट होल्डेम व्यवहारापुरते सोडवले. ४,८०० प्रोसेसर ६८ दिवस राबले आणि ‘सिफियस’ हा संगणक-खेळाडू तयार झाला. त्याला थाप मारायला कुणी शिकवले नाही, तरी तो थाप मारतो. स्वतःविरुद्ध डाव खेळता खेळता त्याला ते उमगले. मात्र समोर निर्दोष खेळाडू आहे असे धरून त्याच्या थापांचे प्रमाण ठरलेले आहे. समोरचा कधीच पाने टाकत नाही, हे ओळखून तो ते बदलत नाही. छोट्या टेबलावरच्या माणसाची खरी कमाई नेमकी तिथे आहे.

म्हणूनच असा खेळाडू थाप राखून ठेवतो. समोर एकच जण हवा, तोही पाने टाकू शकणारा. शिवाय अजून एक पान उघडायचे बाकी असेल तर उत्तम. चार बदाम जमले असतील, तर न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरतात. समोरचा हटला नाही, तरी जवळजवळ पाचांतून एकदा ते पाचवे बदाम धावून येते.