वणवा लावणाऱ्याला वणवा का दिसत नाही?

मार्च लागला की गडचिरोलीतल्या अहेरी-आलापल्ली भागातल्या जंगलात रात्री लाल रेघ सरकताना दिसते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकालही लागतो : 'लोकांना अक्कल नाही.' आपल्या हातून काय होतंय ते त्यांना कळत नाही, हे आपण फार पटकन ठरवून टाकतो. या आगीभोवतीच्या बऱ्याच समजुती अशाच पटकन ठरलेल्या आहेत.

समज : बांबूवर बांबू घासून जंगल आपोआप पेटतं.

असं सांगणाऱ्याला काडी कोणी टाकली ते बहुधा ठाऊक असतं. आपल्याकडच्या पानझडी जंगलातल्या बहुतेक सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात, आणि त्यामागे रोजची कामं असतात. मोहफूल पहाटे गळतं. खाली वाळल्या पानांचा थर असला तर ते सापडत नाही, म्हणून बुंध्याभोवती आग लावून जमीन साफ करायची. कुठे धुऱ्यावरचा कचरा, कुठे विझवायची राहिलेली विडी. 'आपोआप' म्हटलं की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, एवढाच त्या समजुतीचा उपयोग.

समज : जाळल्याशिवाय तेंदूला चांगलं पान येत नाही.

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच चिवट आहे. तेंदूचा वरचा भाग जळला तरी मुळातून नवे फुटवे येतात आणि हंगामाला कोवळं, मऊ पान मिळतं. 70 पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईला तेच हवं असतं. पण असे फुटवे खुटकटाईनेही येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडूप जमिनीलगत छाटलं की साधारण दीड महिन्यात पान तयार होतं. छाटणीला मजुरी पडते, काडीला पडत नाही, एवढाच फरक.

आता आग लावणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. त्याला परिणाम दिसत नाही असं नाहीच. दिसतो, आणि तो चांगला असतो : काही आठवड्यांत, त्याच्याच हातात, रोख. वाईट परिणाम उशिरा येतो, दुसऱ्याच्या वाट्याला जातो आणि येताना कोणाचं नाव सांगत नाही. अशा परिणामाची धास्ती माणसाच्या मनाला सहसा वाटत नाही.

समज : पाऊस पडला की सगळं पुन्हा हिरवं होतं.

होतं ना, आणि घात तिथेच होतो. जाड सालीची मोठी झाडं तगतात. मरतात ती बोटभर रोपं, पाचोळ्यातलं बी, जमिनीवर घातलेली रानकोंबडीची अंडी. उघड्या पडलेल्या मातीचा वरचा थर पहिल्या सरींतच वाहून जातो. जुलैतलं गवत हे सगळं झाकून टाकतं. दरवर्षी जाळलेल्या एखाद्या जुन्या मोहाखाली वाकून पाहा, गुडघाभर उंचीचं मोहाचं रोप सहसा दिसणार नाही. मोहाला फूल धरायला 8-10 वर्षं तरी लागतात. यंदा जळालेल्या रोपाची फुलं जी पोर वेचणार होती, ती आज अंगणवाडीत आहे.

समज : हा अडाणीपणा आहे, शिकवलं की थांबेल.

तोच माणूस स्वतःच्या धानाच्या पुंजण्याजवळ कोणाला विडी पेटवू देत नाही. आगीची जाण त्याला आपल्याहून जास्त आहे. पण जाण असणं वेगळं आणि ती वेळेवर कामी येणं वेगळं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बेशारा, दामासिओ आणि सहकाऱ्यांनी 1994 साली पत्त्यांचा एक खेळ मांडला. काही गड्ड्यांत लगेच मोठी कमाई आणि मागून त्याहून मोठा तोटा. काहींत कमाई थोडी, पण शेवटी नफा. धडधाकट माणसं खेळता खेळता नफ्याच्या गड्ड्यांकडे वळली. कपाळामागच्या मेंदूला विशिष्ट जागी इजा झालेले रुग्ण, बुद्धी शाबूत असूनही, तोट्याचीच पानं उचलत राहिले. वणवा लावणाऱ्याच्या मेंदूला अर्थातच काही झालेलं नाही. त्याच्यासमोरचा डावच असा आहे की तोट्याचं पान दुसऱ्याच्या हातात पडतं. आणि त्याला हसणाऱ्या शहरवाल्याचं काय? बोअर आणखी खोल नेताना शेजाऱ्याची आटलेली विहीर त्याला तरी कुठे दिसते?

समज : कायदा कडक केला की झालं.

राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहेच. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या मदतीने आगीची खबरही देते. त्यातल्या एका उपकरणाचा ठिपका 375 मीटरचा. त्यात आग दिसते, काडी टाकणारा हात दिसत नाही.

हात थांबला तो वेगळ्याच कारणाने. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्त्यापायी झाडांची छाटणी होते, आगी लागतात, हा हिशेब ग्रामसभेने मांडला आणि ते उत्पन्न सोडून बांबूवर भर दिला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी याविषयी लिहिलं आहे. पुढे तिथल्या तेंदूला फळं धरू लागली, लोक ती खाऊ-विकू लागले. उद्याचं जंगल आपलंच म्हटल्यावर आजची आग महाग वाटू लागली.

तेंदू सोडणं सगळ्या गावांना परवडणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. पण मोहाखालचा पाचोळा झाडून बाजूला करता येतो, जुनी लुगडी किंवा जाळी अंथरता येते, खुटकटाईची मजुरी ग्रामसभेला ठेकेदाराच्या करारातच घालून घेता येते. आणि आग दिसली तर 'आपली हद्द नाही' म्हणून पुढे जाऊ नका. वनविभागाचा 1926 हा नंबर लावा.