दूरचित्रवाणीचा सपाट पडदा आणि कोकणातील भिंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचे संच पेटीसारखे खोल व जड असत आणि त्यांची जागा मेजावर किंवा लाकडी कपाटात ठरलेली असे. आजचा सपाट पडदा मात्र भिंतीवर चढला आहे. ४३ इंची संचाचे वजन साधारणतः ८ ते १० किलो भरते. त्यामुळे "एवढ्याशा वजनाला काय होते?" असे म्हणून दोन खिळ्यांवर काम भागविण्याकडे कल दिसतो. ज्या वर्गात मुले पडद्याखालीच बसतात, तेथे हा हिशेब धोक्याचा होय.

महाड व पोलादपूर तालुक्यांत खरा प्रश्न भिंतीचा आहे. एकाच गावात काळ्या दगडाची, जांभ्याच्या चिऱ्याची, विटांची आणि मातीची भिंत आढळू शकते. सिमेंट काँक्रीटचा खांब उपलब्ध असल्यास तो सर्वांत विश्वासार्ह. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो. तथापि त्याचे अंग सच्छिद्रच राहते. ड्रिल यंत्राची ठोक्याची कळ चालू ठेवून त्यात भोक पाडल्यास कडा ढासळतात, भोक फुगते आणि गिट्टी सैल बसते. म्हणून ठोका बंद ठेवून, लहान पात्यापासून सुरुवात करून, चिऱ्याच्या मध्यभागी भोक पाडावे; सांध्यातील चुना वा सिमेंट टाळावे. भोकातील भुकटी फुंकून काढणे आवश्यक आहे. गिलाव्याची जाडी आधार म्हणून धरू नये. तेवढी लांबी स्क्रूमध्ये अधिक घ्यावी. आतील भिंत असल्यास आरपार बोल्ट घालून मागील बाजूस लोखंडी पट्टी बसविणे हा जुना पण खात्रीचा उपाय आहे. मातीच्या किंवा कुडाच्या भिंतीवर पडदा टांगूच नये. तेथे रुंद पायाचे, भिंतीला दोरीने अथवा पट्टीने अडकविलेले स्टँड पुरते.

पुढे ओढता येणारा हात असलेल्या चौकटीचा मोह अनेकांना होतो. १५ किलोचा संच भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि वरच्या व खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर बाहेर ओढणारा जोर सुमारे ४ किलोचा येतो. तोच संच ४० सेंटिमीटर पुढे ओढला की हा जोर ३० किलोवर जातो! जांभ्याच्या भिंतीला हा हात शक्यतो लावू नये. चौकट बसल्यावर संच टांगण्यापूर्वी तिच्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाची वाळूची पिशवी काही तास टांगून पाहावी. संचाच्या पाठीवरील छिद्रांत ठरलेल्या लांबीचेच स्क्रू घालावेत. अधिक लांब स्क्रू आतील भाग फोडतो.

पावसाचे वारे ज्या बाहेरील भिंतीवर थेट आदळतात ती भिंत या कामी वर्ज्य समजावी, कारण तिच्यातील ओल पावसाळाभर हटत नाही. खिळे गंजतात व संचही बिघडतो. विजेच्या बटणांच्या सरळ वर वा खाली भोक पाडू नये, कारण भिंतीतील तारा बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य कळ बंद असावी.

महाडला याखेरीज पुराचा विचार करावा लागतो. सावित्री व गांधारी या नद्यांच्या पाण्याने २२ जुलै २०२१ रोजी शहरातील अनेक तळमजले बुडाले. पाणी छताकडे चढू लागल्यावर संच फूट-दोन फूट उंच लावल्याने काहीच साधत नाही. दोन माणसांना क्षणात उचलून काढता येईल अशी, खाचेत अडकणारी चौकट निवडणे आणि तारांचे जोड हाताशी ठेवणे अधिक उपयोगाचे. संच काढून वरच्या मजल्यावर कोणी न्यावयाचा, हे शाळेने किंवा ग्रामपंचायतीने जून महिन्यातच ठरवून फलकावर लिहून ठेवावे.