खिद्रापूरच्या खांबावरचं अक्षर

'उद्या सकाळी सहाला स्टेशनवर. खिद्रापूर.' शनिवारी रात्री श्रुतीचा ग्रुपवर मेसेज पडला आणि मी पाच मिनिटांत 'येतो' म्हणून टाकलं. रविवारी दहापर्यंत लोळणारा मी! ओंकारला शंका आलीच. "तुला कधीपासनं रे देवळांचा नाद?" मी विषय टाळला. मला देऊळ बघायचं नव्हतं, तिथला एक खांब बघायचा होता.

कोल्हापूर-मिरज पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली की अर्धी ट्रिप वसूल. संस्थानानं ही लाइन १८९१ मध्ये सुरू केली, ही माहिती अर्थात श्रुतीची, ती इतिहासवाली. वळिवडे आलं तसं तिनं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून परागंदा झालेली हजारो माणसं इथल्या छावणीत राहिली होती म्हणे. आम्ही इतकी वर्षं या स्टेशनवरून जातोय, पत्ताच नाही. मग पंचगंगेचा पूल, रुकडी, हातकणंगले आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

जयसिंगपूरला उतरून चहा मारला, एसटीनं कुरुंदवाड, तिथून दुसरी एसटी. इथं एक सांगून ठेवतो : खिद्रापूरच्या गाड्या मोजक्या आहेत. उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारा, नाहीतर कृष्णाकाठी मुक्काम ठरलेला.

कोपेश्वराचं देऊळ लांबून बघितलं तर 'एवढंच?' असं वाटतं. आकाशात घुसणारं शिखर वगैरे काही नाही. पण स्वर्गमंडपात पाऊल टाकलं की आपोआप मान वर जाते. छताच्या मधोमध सुमारे १३ फुटांचा गोल मोकळाच सोडलाय. त्यातून थेट आभाळ दिसतं. बरोबर खाली तेवढीच गोल रंगशिला, भोवती बारा खांबांचं कडं. वर कार्तिकेय आणि दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसून तुमच्याकडेच बघतायत. मंडपाचे एकूण खांब ४८. गोल, चौकोनी, अष्टकोनी असे सगळे आकार, एकाचाही तोल ढळलेला नाही. बाराव्या शतकात, शिलाहारांच्या काळात, काळ्या दगडात हे कसं जमवलं असेल? ओंकार सिव्हिलचा. तो एरवी कशालाही 'भारी' म्हणत नाही. तो रंगशिलेच्या कडेला उभा राहून गप्प झाला होता. त्रिपुरी पौर्णिमेला इथं दिवे लावतात, चंद्र वरच्या गोलात येतो. त्या रात्री यायचं, असं तिथल्या तिथं ठरलं.

या शंकरापुढे नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला निघालेल्या सतीला नंदी घेऊन गेला, तो इकडे परतलाच नाही, अशी कथा. तो नदीपलीकडे, कर्नाटकात, यडूरला आहे म्हणतात. सती गेली म्हणून कोपलेला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू म्हणजे धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही आहेत. मला ही कथा आवडते. रागावलेल्या माणसाजवळ कुणीतरी बसून राहायला लागतंच.

बाहेर भिंतीच्या बुडाशी हत्तींची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांनीच पाठीवर तोललंय. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणदेवाचा शके ११३६ चा शिलालेख. श्रुती तिथं रमली, ओंकार फोटो काढत होता. मी सटकलो.

सातवीच्या सहलीत मी इथल्या एका खांबावर करकटकानं 'नि' कोरला होता. पोरांनी पैज लावली होती आणि सर पुढं गेले होते. तेव्हा भारी वाटलं होतं. मागच्या महिन्यात एका किल्ल्यावर कुणीतरी कोरलेला बदाम दिसला. 'काय अक्कल नाही लोकांना' असं मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो आणि त्याच क्षणी हा 'नि' आठवला. तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता.

तीन-चार खांब धुंडाळले. माझ्यासारखे आणखीही कलाकार येऊन गेलेले दिसले. मग सापडला. माझ्या आठवणीपेक्षा खूप खाली, कमरेच्याही खाली. अर्थात, तेव्हा मी तेवढाच होतो. अंगठ्यानं घासून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

"ओ भाऊ, तिथं काय लिहायचं न्हाई हां!" मागून आवाज आला. तिथले एक मामा कंबरेवर हात ठेवून उभे.

"न्हाई मामा, लिहीत न्हाई."

"समदी असंच म्हणत्यात."

मी काय बोलणार? ते जाईपर्यंत मी हात मागं बांधून उभा राहिलो. उन्हाचा गोल तोवर रंगशिला सोडून एका खांबावर चढला होता.

परतीच्या गाडीत गर्दी होती. दाराजवळ उभं राहून दोघांना सगळं सांगितलं. वाटलं, आता हसतील. श्रुती बाहेर बघत राहिली. रुकडी गेल्यावर ओंकारनं विचारलं, "खोल आहे का?"

"नख अडकतं," मी म्हणालो.