फोटोची पाठ

नरसी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं गाव. परंपरेनुसार १२७० साली संत नामदेव इथे जन्मले. घरोघरच्या तसबिरींत दिसणारा त्यांचा चेहरा चित्रकारांनी कल्पनेतून घडवलेला. मात्र नामदेवांनी ओळखीची एक खूण मागे ठेवली होती: अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव. तीही पुरली नाही. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेला आणि 'नामा' एवढ्याच सहीमुळे दोघांच्या रचना गाथेत अशा मिसळल्या, की अभ्यासक अजून त्या वेगळ्या करताहेत. शिखांच्या आदिग्रंथाचं तसं झालं नाही. १६०४ साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात रागवार मांडणी आहे, रागाच्या आत कवीच्या नावाचा मथळा आहे, आणि त्याखाली नामदेवांची ६१ पदं सुखरूप बसली आहेत.

घरातल्या फोटोंच्या बाबतीत आपण बहुतेक गाथेच्या वाटेने जातो. कागद टिकतो, माणूस हरवतो. "ही कोण?" असं नातवाने विचारावं आणि उत्तर देणारी आजी दोन वर्षांपूर्वीच गेलेली असावी, हे न घडलेलं घर विरळा.

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा त्या नोंदींसाठी मराठवाड्यातल्या संदुका धडाधड उघडल्या. निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद, शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे यांना एकाएकी किंमत आली. त्याच संदुकीच्या तळाशी पडलेल्या फोटोला कोणतंही कार्यालय पुरावा म्हणून विचारत नाही. कागद झेरॉक्ससाठी तालुक्याला गेले, फोटो परत तळाशी.

ती संदूक असते कुठे? पूर्वी माळवदाच्या घरात. जाड मातीमुळे आत गारवा, पण पावसाळ्यात गळती. आता पत्र्याच्या खोलीत, नाहीतर स्लॅबखालच्या माळ्यावर, जिथे मे महिन्यात हात लावू नये इतकं तापतं. उष्णता आणि ओल या दोन्हींचा मारा आलटून पालटून झाला, की फोटोचा जिलेटिनचा थर फुगतो, आकसतो, तडकतो. ओल मुरली की बुरशी धरते, आणि जिलेटिन हे कसरीचं आवडतं खाणं.

इथे एक उलटी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आजोबांचा १९५५चा कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत असतो आणि १९८५च्या लग्नाचा अल्बम लालभडक पडलेला असतो. कृष्णधवल फोटोत प्रतिमा चांदीच्या कणांची असते. स्टुडिओवाल्याने फोटो धुताना वापरलेलं हायपो हे रसायन नीट धुऊन काढलं असेल तर ती शंभर वर्षं सहज काढते. रंगीत फोटो रासायनिक रंगांचा. त्यातला निळसर रंग अंधारातसुद्धा आधी विरतो, उरते ती लाली. म्हणजे स्कॅन करायला बसलात तर सगळ्यात जुन्यापासून नव्हे, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या रंगीत फोटोंपासून सुरुवात करा. त्याच काळात चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम आले. त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. निघत नसेल तर ओढू नका. पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेल्या तसबिरीलाही हाच नियम. आणि लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही.

पुरात भिजलेले फोटो सुकून एकमेकांना चिकटण्याआधी सोडवावे लागतात: स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवायचे, चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. जपानमध्ये २०११च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात स्वयंसेवकांनी सुमारे साडेसात लाख फोटो असे धुतले, त्यांचं डिजिटायझेशन केलं, घरच्यांना शोधायला मांडून ठेवले. चिखल धुणं हे चिकाटीचं काम. खरी अडचण पुढची होती: हा चेहरा नेमका कोणाच्या घरचा?

चेहरा ओळखायलाच नव्हे, तुकडे ओळीने लावायलाही लेखी आधार लागतो. पुण्याच्या फिल्म संग्रहालयाचे पी. के. नायर यांना दादासाहेब फाळक्यांच्या घरच्यांकडून 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटाचे सुटे तुकडे मिळाले. कुठला तुकडा कशाच्या पुढे, हे फाळक्यांच्या स्वतःच्या वहीवरून जुळलं.

आपल्या फोटोंना ती वही म्हणजे त्यांची पाठ. मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेनचा वण पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. गुळगुळीत प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. नुसतं "काकू" लिहून भागत नाही, ती कोणाची काकू? नाव, नातं, गाव, अंदाजे साल. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट काम. लग्नात नाव बदलायची आपली रीत, त्यामुळे माहेरच्या फोटोतली चंद्रकला आणि सासरच्या फोटोतली सुमन एकच, हे लिहून ठेवणारं कोणी नसेल तर तिसऱ्या पिढीला त्या दोन बाया वाटतात. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत तरी सापडतात. बाईचं माहेरचं नाव मात्र कित्येकदा त्या एका फोटोमागेच काय ते उरतं.

म्हाताऱ्या माणसांपुढे फोटो ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दुपारचं जेवण झाल्यावर, घाई न करता. एका फोटोवरून ती चार भांडणं आणि एक विहीर सांगतील. सांगू द्या.

स्कॅन किमान ६०० डीपीआयने करा, फाइलला नाव सालापासून द्या: '१९७८-नरसी-लग्न'. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जगभर मानला जाणारा साधा हिशेब. घराबाहेरची प्रत आपल्याकडे कोणाला द्यायची, यावर फार विचार नको: लेकीला द्या. संदूक भावांच्या वाटणीत जाते आणि तिला आईचा एक फोटो मागून न्यावा लागतो; या निमित्ताने सगळेच जातील.